इंदू पेब्री आणि धूरमुक्त गाव

आमच्या नदीकाठच्या तुम्बांग लावास गावात कुणाला कॉफी प्यायची असेल, तर आधी एका मेलेल्या मुलाचं नाव घ्यावं लागतं. ही अट धक्क्यावरच्या टपरीत बसणाऱ्या बाईची. नाव घेतलं की कॉफी मिळते, सोबत तळलेलं केळं मिळतं, आणि तुम्ही तिच्या मर्जीतले असाल तर दोन शिव्याही मिळतात. नाव न घेता नुसतं "कॉफी द्या हो" म्हणालात, तर ती तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. मग बसा नदीकडे तोंड करून.

त्याचं असं आहे. आमच्याकडे पहिलं मूल झालं की बाईचं स्वतःचं नाव मागं पडतं. ती अमक्याची इंदू होते, म्हणजे अमक्याची आई. बाप्यांचंही तेच. मला सगळे बापा सिलान म्हणतात, सिलान ही माझी थोरली. माझं खरं नाव माझ्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, शंकाच आहे. आता पहिलं मूल लहानपणीच गेलं, तर गाव शहाणपणानं वागतं. हळूच पुढच्या मुलाचं नाव आईला लावून टाकतं. उगाच कुणी जखमेवर मीठ चोळू नये, एवढाच हेतू.

या बाईचा थोरला पेब्री. फेब्रुवारीत झाला म्हणून पेब्री. त्या पहिल्या मोठ्या धुराच्या वर्षी तो नुकता रांगायला लागला होता, आणि त्याच वर्षी गेला. पुढं रिओ झाला, आणि गावानं रीतीप्रमाणे तिला इंदू रिओ म्हणायला सुरुवात केली. तिनं ओ दिली नाही. सासूनं समजावलं, पाद्रीबाबांनी समजावलं, तिचा चुलतभाऊ बापा योला यानंही समजावून पाहिलं. तिनं सगळ्यांना एकच सांगितलं.

"धुरानं पोर नेलं. आता नाव तुम्ही नेताय होय? ज्याला माझ्या हातची कॉफी पाहिजे, त्यानं इंदू पेब्री म्हणायचं. ज्याला नको, त्यानं नदीचं पाणी प्यावं."

नदीचं पाणी आमच्याकडे चहासारखं काळं आहे, पण कॉफीची सर त्याला नाही. त्यामुळे गाव हळूहळू ताळ्यावर आलं. रोज सकाळी धक्क्यावर दहा-वीस तोंडांतून पेब्रीचं नाव निघायला लागलं. एकटा बापा योला तेवढा हट्टाला पेटला. तो तिला "बाई" म्हणायचा, "अहो" म्हणायचा, पण नाव घ्यायचा नाही. म्हणून इतकी वर्षं त्यानं तिच्या टपरीवर कॉफी प्यायली नाही. दोघंही एकाच आजोबांची नातवंडं, तेव्हा डोक्यातला दगड एकाच खाणीतला.

पेब्री गेला तेव्हा जिल्ह्याहून आलेला एक डॉक्टर म्हणाला होता, "पोराची छाती जन्मतःच कमजोर होती." ती त्याच्या अंगावर धावून गेली होती. "कमजोर? जन्मला तेव्हा रडला, तर पलीकडच्या काठावरची माणसं होडी काढून बघायला आली, कुणाला मगरीनं धरलं की काय म्हणून. कमजोर छातीचं पोर असं रडतं?" डॉक्टर निघून गेला. कमजोर हा शब्द मात्र तिच्या डोक्यात राहिला. तेव्हापासून कुणी कशाला भलतं नाव दिलं की तिचं पित्त खवळतं.

आणि धुराला तर आमच्याकडे भलतीच नावं. आमची जमीन म्हणजे माती नव्हे, हजारो वर्षं कुजलेला पाला. पलीकडच्या काठावर मळेवाल्यांनी कालवे खणून तिच्यातलं पाणी पिळून काढलं, तेव्हापासून ती सुकली की खालून पेटते. वर ज्वाळा दिसत नाही. चालणाऱ्याच्या पायाखाली नुसता फुफाटा, आणि धूर महिनेच्या महिने. पण कचेरीत विचारा, ते म्हणणार, यंदा धुकं जरा जास्त आहे. शहरात हवेचा आकडा दाखवणारा मोठा फलक आहे. तो लाल झाला की शहरातल्या शाळा बंद होतात. आमच्याकडे फलक नाही, म्हणून आमच्याकडे आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून धूरही नाही. आमची पोरं आपली खोकत खोकत पाढे म्हणत शाळेत बसलेली.

आम्ही गावकरीही काही कमी दीडशहाणे नाही. आमच्यातल्या बाप्यांची पक्की समजूत अशी, की लवंगी सिगरेट ओढली की बाहेरचा धूर बाधत नाही. काट्यानं काटा काढायचा म्हणे. मीही त्यातलाच. इंदू पेब्री एकदा माझ्या तोंडातली पेटती सिगरेट काढून घेत म्हणाली, "बापा सिलान, घरात पाणी शिरलं तर तू अजून दोन बादल्या ओततोस का रे?" सगळी टपरी हसली. सरकारी वाटपात पातळ मास्क आले, तेव्हा तिनं एक मास्क उजेडात धरला आणि म्हणाली, "याच्यातून मासेसुद्धा पळतील." मग ती मला, गावच्या होडीवाल्याला, पिटाळून शहरातून जाड, नाकाला घट्ट बसणारे मास्क आणवायला लागली आणि घरोघरी जाऊन बांधायला लागली. कुणी नको म्हणालं तर तिथंच ठाण मांडून बसायची. लोक कंटाळून बांधायचे. तिचं तेवढं शस्त्र होतं, समोरच्याला कंटाळा आणायचा आणि आपण कंटाळायचं नाही.

यंदा धूर आला तो रिओच्या घरात तान्हं मूल असताना. रिओची बायको नोपी, तिची मुलगी अजून नावही न ठेवलेली. लाकडी फळ्यांचं घर, फळ्यांमध्ये बोटभर फटी. पोरगी दूध सोडायला लागली. श्वास घेताना तिच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. इंदू पेब्रीनं ते एकदा पाहिलं आणि धावत जाऊन नर्सला घेऊन आली. असं कातडं आत जाताना तिनं याआधी एकदा पाहिलेलं होतं.

मी म्हणालो, "होडी काढतो, शहरातल्या इस्पितळात नेऊ."

आमची नर्स लिदिया म्हणाली, "उघड्या होडीत, अर्धा दिवस, या धुरातून? नदी आटलीय, वाटेत रुतलात तर? माझ्याकडे ऑक्सिजन थोडा आहे. पण तो संपला की पुन्हा हीच हवा. हिला आधी स्वच्छ खोली पाहिजे. बंद खिडक्यांची. मी पंख्याला मागून जाड गाळणी बांधून देते, त्यानं खोलीतली हवा धुतल्यासारखी होते. पण खोली तर पाहिजे."

अशी खोली गावात एकच. ग्रामसभेचं सभागृह. काचेच्या खिडक्या, पक्क्या भिंती, वर थंड हवेचं यंत्र. ते आम्ही पाहुण्यांसाठी राखून ठेवलेलं.

आणि पाहुणे दुसऱ्याच दिवशी यायचे होते. आमच्या गावाला बक्षीस मिळणार होतं. कसलं, विचारा. "धूरमुक्त गाव." हसू नका. जाळून शेती करायला बंदी आल्यापासून आम्ही भाताची शेतं जाळणं सोडलं, आता तांदूळ विकत आणतो. आमच्या हद्दीत एक काडी पेटली नाही, हे खरंच होतं. धूर पलीकडून येतो, पण तो कुणाच्या हद्दीत मोजायचा हे वाऱ्याला कुणी सांगितलेलं नाही. बक्षिसाबरोबर मिळणार होता आग विझवायचा मोठा पंप. बापा योला, जो आता आमचा गावप्रमुख आहे, तो या पंपासाठी तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता. पंप आला तर पुढच्या वर्षी निदान आमच्या काठाची जमीन वाचवता येईल, हे त्याचं म्हणणं. माणूस वाईट नाही. म्हणून तर राग जास्त येतो.

त्यानं गावभर बजावून ठेवलं होतं, पाहुण्यांसमोर धूर हा शब्द काढायचा नाही. धुकं म्हणायचं. एकच दिवस.

इंदू पेब्री त्याच्या दारात गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होतो. ती तशी कुणाच्या दारात जात नाही.

"अंदी, सभागृह उघड," ती म्हणाली. अंदी म्हणजे धाकटा भाऊ. असं तिनं त्याला बऱ्याच वर्षांनी म्हटलं.

"परवा देतो. उद्याचा कार्यक्रम होऊ दे."

"पोरगी परवापर्यंत थांबेल असं तिनं तुला सांगितलं का?"

"अहो, सगळ्या गावाचा प्रश्न आहे. पंप हातचा जाईल. एक दिवस धुकं म्हटलं तर जीभ झडणार आहे का कुणाची?"

"धूर आहे म्हणून पंप माग की. धूर नाही म्हणून पंप देणारं सरकार मी जन्मात पहिल्यांदा बघतेय."

"सरकारला तुमच्यापेक्षा मी जास्त ओळखतो."

"ओळख बाबा. मी धुराला ओळखते."

तो आत निघून गेला. ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं लुगड्याला हात पुसले आणि मला म्हणाली, "तू उद्या पाहुण्यांना आणायला जाणारच आहेस ना? सावकाश आण. घाई करू नकोस."

मी सावकाशच आणलं. जिल्ह्याचे मोठे साहेब, त्यांचे दोन मदतनीस, एक फोटोवाला, आणि होडीच्या मधोमध प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लाल पंप. साहेबांच्या तोंडाला उत्तम मास्क होता, तसला आम्हाला शोधून मिळत नाही. नदीत चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मी भोंगा वाजवत वाजवत चाललो होतो.

"आज धुकं फार आहे," साहेब म्हणाले.

"हो साहेब, फार," मी म्हणालो. मला पंप दिसत होता ना समोर.

आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा सगळं गाव सभागृहाबाहेर उभं. नव्या शर्टात बापा योला, घामानं निथळलेला. सकाळी झाडणाऱ्या बायकांनी सभागृह उघडल्याबरोबर इंदू पेब्री गाद्या, पंखा, नर्स, नोपी आणि तान्ही पोरगी घेऊन आत शिरली होती. तिच्या मागोमाग ज्यांच्या ज्यांच्या घरात खोकणारं लेकरू होतं त्या बाया शिरल्या, दम्याची दोन म्हातारी माणसं शिरली. मग तिनं आतून दाराला बाक लावला आणि फटींमध्ये ओली फडकी कोंबली. खिडक्यांवरच्या झरोक्यांना बंद करायला काही सापडेना, तर स्वागताचा प्लास्टिकचा फलक कापून तिथं ठोकला. बाहेरून उलटी अक्षरं दिसत होती. त्यात "धूर" कुठं आणि "मुक्त" कुठं, काही पत्ता नव्हता.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मुलांची आरोग्य तपासणी चाललीय, साहेब," बापा योला म्हणाला. "धुक्यामुळे जरा सर्दी-खोकला."

आतून काचेवर टकटक झाली. इंदू पेब्रीचं तोंड काचेपाशी आलं. काचेतून आवाज दबका येत होता, पण तिचा आवाज दबून दबणार किती?

"तपासणी नाही. श्वास घेतोय आम्ही. तुमचं चालू द्या."

गावातला कुणीतरी हसला आणि हसता हसता खोकायला लागला. त्याच्यामागून दुसरा. खोकला जांभईसारखा असतो, एकाचं बघून दुसऱ्याला येतो. फोटोवाल्याचे डोळे गळायला लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"दार उघडायला सांगा. कार्यक्रम आत आहे."

"मी सांगितलं, साहेब. ऐकत नाहीत."

"कोण ऐकत नाही? आत प्रमुख कोण आहे? नाव काय त्या बाईंचं?"

बापा योलानं तोंड फिरवलं. गर्दीतून म्हाताऱ्या इंदू साम्बूनं सांगितलं, "इंदू पेब्री." तिच्या शेजारचीनंही सांगितलं, "इंदू पेब्री." मग मीही म्हणालो. सांगायला काय जातंय, आम्हाला रोजची सवय.

साहेब आमच्याच भागातले, त्यांना आमची रीत ठाऊक. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. "बरं. आई ऐकत नसेल, पण मुलाचं ऐकेल. बोलवा त्या पेब्रीला. असेल तिथून बोलवा. त्याला म्हणावं, आईला जरा समजाव."

कुणी हललं नाही. चुकून पाय पडू नये अशा जागी साहेबांचा पाय पडला होता आणि त्यांना ते कळलेलं नव्हतं. काचेमागे इंदू पेब्रीचा चेहरा तसाच होता. ती साहेबांकडे बघत नव्हती. ती बापा योलाकडे बघत होती.

"अहो, ऐकू आलं नाही का? कुठं असतो हा पेब्री?"

बापा योलानं मास्क खाली ओढला. मग म्हणाला, "चर्चच्या मागं, साहेब."

"मग बोलवा ना."

"तिथं पुरलाय. रांगत होता तेव्हा गेला." एवढं बोलून तो थांबेल असं मला वाटलं. पण तो थांबला नाही. "धुरानं गेला. तेव्हा मी सुतारकाम करत होतो. पेब्रीची पेटी मीच केली. एवढीशी फळी लागली, साहेब. घरात उरलेल्या तुकड्यांत झाली. ते नाव घेतलं की मला तो करवतीचा आवाज ऐकू येतो. म्हणून मी घेत नाही."

साहेब म्हणाले, "पण बापा योला, तुम्ही तर लिहून दिलंय, गावात धूर..."

"खोटं लिहून दिलंय. हा धूर आहे. गेला महिनाभर आहे. आत माझ्या बहिणीची नात आहे, आणि ती बाहेर आली तर तिचीही पेटी मलाच करावी लागेल. मी नाही करणार. पंप परत न्या."

सगळं गाव ऐकत होतं. आतून बाक सरकल्याचा आवाज आला. दार हातभर उघडलं आणि इंदू पेब्रीनं डोकं बाहेर काढलं. तिचे डोळे लाल होते. धुरानं होते असं मी म्हणणार नाही, त्या खोलीत धूर नव्हता.

"अंदी, आत ये," ती म्हणाली. "खोकतोयस किती. साहेब, तुम्हालाही यायचं तर या, पण बूट काढून आणि पटकन. दार उघडं ठेवायची सोय नाही."

बापा योला आत गेला. साहेब गेले नाहीत. दार बंद झालं, बाक पुन्हा लागला.

पोरगी जगली, हे इथंच सांगून टाकतो, उगाच कुणाला टांगून ठेवायची मला हौस नाही. पाऊस पडेपर्यंत ती त्या सभागृहातच वाढली. वरच्या गावांतल्या बायाही लेकरं घेऊन यायला लागल्या, मीच आणायचो. जिल्ह्यानं सभागृह रिकामं करा म्हणून दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा बापा योलानं उत्तर दिलं, की किल्ली इंदू पेब्रीकडे आहे, तिच्याशी बोला. बोलायला कुणी आलं नाही. पंप मात्र आजतागायत आलेला नाही, आणि त्यावरून तिला टोमणे मारणारे लोकही गावात आहेत. ते टोमणे मारायच्या आधी "इंदू पेब्री" म्हणतात, मग टोमणा मारतात, मग कॉफी पितात.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. पाहुण्यांना परत सोडायचं काम माझंच होतं. पंप पुन्हा होडीत चढला. भर नदीत आल्यावर साहेब मदतनिसाला सांगायला लागले, "अहवालात घ्या, दाट धुक्यामुळे कार्यक्रम पुढे ढकलला."

मी इंजिन बंद केलं.

होडी काळ्या पाण्यावर हळूहळू आडवी व्हायला लागली. दोन्ही काठ दिसत नव्हते. साहेब म्हणाले, "काय झालं? बिघडलं का?"

"नाही साहेब, इंजिन चांगलं आहे," मी म्हणालो. "तुम्ही आत्ता कशामुळे म्हणालात ते मला नीट ऐकू आलं नाही."

मी सुकाणूवर हात ठेवून बसलो. मला कसलीच घाई नव्हती. कंटाळा कसा आणायचा हे मी धक्क्यावरच्या एका बाईकडून शिकलोय. फोटोवाला खोकला. मदतनीस खोकला. शेवटी साहेबही मास्कच्या आत खोकले, बराच वेळ खोकले, डोळे पुसले.

"धुरामुळे," ते म्हणाले.

"लिहून घ्या," मी मदतनिसाला म्हणालो, आणि त्यानं लिहिल्यावर इंजिन चालू केलं.